दिवसा सूप, रात्री चार लाडू: पाजणाऱ्या आईच्या भुकेचं एक प्रकरण

हे नमुन्यादाखल उभं केलेलं प्रकरण आहे. कुणा एका बाईची ओळख त्यात नाही. वजनाचे आणि खाण्याचे आकडे हिशोब स्पष्ट दिसावा म्हणून दिले आहेत. ज्या घरात बाळंतीण आहे, त्या घराला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

बाळंतीण ३१ वर्षांची, पहिलटकरीण, नैसर्गिक प्रसूती. पुण्यात बँकेत बैठं काम, त्या वेळी रजेवर आणि माहेरी. उंची १५६ सेंमी. गरोदरपणाआधी वजन ५८ किलो, दिवस भरले तेव्हा ७१. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी ६४.८ किलो, म्हणजे बाळ, वार आणि अंगातलं जादा पाणी गेल्यावरचं वजन. तिथून ते खाली यायला हवं होतं, पण बाराव्या आठवड्यात ते ६७.६ झालं. तेव्हा तिने घाबरून स्वतःच्या मनाने डाएट सुरू केलं: भात बंद, नाश्ता बंद, रात्री फक्त भाज्यांचं सूप. चौदाव्या आठवड्यात बाळाच्या लसीसाठी आमच्याकडे आली तेव्हा तिचंही वजन केलं. ६७.४ किलो. दोन आठवड्यांच्या उपाशीपणाने जेमतेम २०० ग्रॅम गेले होते.

तिची तक्रार अशी: "दिवसभर काही खात नाही तरी वजन हलत नाही. रात्री दोनला पाजायला उठले की हात थरथरतात. मग हाताला येईल ते खाते." तिच्या आईचं म्हणणं वेगळं: "पाजती बाई आहे. पोटाला मारलंस तर दूध आटेल." दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, म्हणून कुणाची समजूत काढायच्या आधी सलग तीन दिवसांची खाण्याची नोंद मागितली. वेळ लिहायची आणि वाटीने किंवा चमच्याने मोजून लिहायचं. रात्रीचं खाणंही लिहायचं, अर्धं बिस्कीट असलं तरी.

नोंदीत काय दिसलं

सकाळी साडेसहाला पेलाभर म्हशीच्या दुधात दोन चमचे शतावरी कल्प आणि चमचाभर साखर, सुमारे २७० कॅलरी. नऊला चहा आणि दोन टोस्ट, १४०. साडेबाराला एक पोळी आणि पालेभाजी, १८०. चारला चहा-खारी, १८०. साडेपाचला वाटीभर अळिवाची खीर, २५०. साडेआठला सूप आणि थोडी भाजी, १२०. दिवस इथे संपला, बेरीज ११४०.

मग रात्र. अकराला डिंकाचे दोन लाडू, ४००. दोन वाजता आणखी दोन लाडू आणि साखर घातलेलं पेलाभर दूध, ६३०. पहाटे साडेचारला मूठभर शेव, २२०. रात्रीची बेरीज १२५०. चोवीस तासांचे एकूण २३९०, त्यातले निम्म्याहून जास्त रात्री अकरानंतरचे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या भारतीय स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. पहिले सहा महिने पाजताना त्यात ६०० मिळवायच्या, पुढचे सहा महिने ५२०. या बाईचं वजन ५५ हून जास्त, म्हणून तिची गरज २३०० ते २४०० धरली. ती खात होती २३९०. वजन का हललं नाही याचं उत्तर एवढंच होतं. आणि डाएटच्या आधी, जेव्हा हेच लाडू, कल्प आणि खीर दोन्ही वेळच्या पोटभर जेवणाच्या वर जात होते, तेव्हा दहा आठवड्यांत पावणेतीन किलो का वाढले, हेही त्यातच आलं. वजन जेवणाने वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते "दूध येण्यासाठी" म्हणून जेवणाच्या वर दिलेल्या गोष्टींनी. तिने मात्र बंद केलं जेवण, आणि वरचं सगळं तसंच ठेवलं.

डिंकाच्या लाडवाला दोष देण्याची गरज नाही, पण तो किती जड असतो ते पाहायला हवं. २०० ग्रॅम खारीक पूड, २०० ग्रॅम सुकं खोबरं, ५० ग्रॅम खसखस, १०० ग्रॅम डिंक, २०० ग्रॅम तूप, ३०० ग्रॅम गूळ अशा घाण्यात पाच हजारांच्या वर कॅलरी जातात. त्यात ४५ ग्रॅमचे तेवीस लाडू होतात, म्हणजे एकेकात २०० ते २२०. चार लाडू खाल्ले की एका वेळच्या भरपेट जेवणाहून जास्त झालं, आणि प्रथिनं मात्र जेमतेम सहा ग्रॅम. शतावरी कल्पाच्या डब्यावरचे घटक वाचले तर बहुतेक वेळा साखर हाच मोठा भाग निघतो.

रात्रीची भूक खोटी नव्हती

फक्त अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. १०० मिलीत ६५ ते ७० कॅलरी, म्हणजे बाळाच्या पोटात जातात ५०० च्या आसपास. दूध बनवण्यात शरीराची काही ऊर्जा खर्च होते ती धरून ६०० च्या पुढे. शिवाय आईच्या दुधात १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, म्हणजे रोज पन्नासेक ग्रॅम साखर आईच्या रक्तातून स्तनात जाते. दिवसभरात ११४० कॅलरी खाल्लेली बाई रात्री दोनला उठून पाजते तेव्हा हात थरथरणारच. त्यात झोप तुटलेली. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं कमी होतं. त्या वेळी माणूस गोड आणि तुपकट शोधतो, आणि डबा उघडला की लाडूच समोर असतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. चोवीस तासांत ती ५८ ग्रॅम खात होती. शिफारस आहे नेहमीचे सुमारे ४६ आणि पाजण्याचे १७ मिळून ६३. फरक फार नाही. पण सकाळी नऊ ते रात्री साडेआठ या साडेअकरा तासांत त्यातले फक्त २५ ग्रॅम येत होते. भूक टिकवून धरणारं वरण, उसळ, दही असं काहीच दिवसाच्या ताटात उरलं नव्हतं.

म्हणून तिला पहिलं सांगितलं ते हे, की रात्रीची भूक मनाचा दुबळेपणा नाही. दिवसाचं देणं शरीर रात्री वसूल करतं.

आधी बाळ, मग आईचे रिपोर्ट

खाण्याला हात लावण्याआधी बाळाचं वजन पाहिलं. बाराव्या आठवड्यात ५.४८ किलो, चौदाव्यात ५.७४. चौदा दिवसांत २६० ग्रॅम, या वयाच्या मुलीला नीट. दिवसाला सात ओली लंगोटं. म्हणजे दूध पुरत होतं. घरच्यांना ते कमी वाटण्याची कारणं दोन: बाराव्या आठवड्याच्या सुमाराला छाती पूर्वीसारखी भरून दुखत नाही, मऊ राहते, कारण शरीर आता मागणीइतकंच बनवायला शिकलेलं असतं. आणि संध्याकाळी बाळ किरकिर करतं, सारखं प्यायला मागतं. या घरात त्यामुळे चार रात्री ६० मिली पावडरचं दूध दिलं गेलं होतं. नुकसान त्याने होतं. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध बनतं. वरचं दूध दिलं की तेवढं पाजणं टळतं आणि खरोखरच दूध कमी होऊ लागतं. बाळाच्या वजनाचा तक्ता आजीला दाखवला तेव्हा ते थांबलं. नुसत्या सांगण्याने थांबलं नसतं.

आईच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.६, बी-१२ कमी, थायरॉइड आणि उपाशीपोटीची साखर ठीक. थायरॉइड पाहणं इथे टाळू नये. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन आधी ती ग्रंथी जास्त आणि मग कमी काम करते असं काही बायकांत होतं. पहिल्या टप्प्यात भूक आणि धडधड, दुसऱ्यात थकवा आणि वजनवाढ. दोन्ही "बाळंतपणाचंच असेल" म्हणून अंगावर काढलं जातं. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायलाच हवी. हिला तो नव्हता.

शाकाहारी आईच्या बी-१२ कडे आम्ही कटाक्षाने पाहतो. आईत ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. औषधाची मात्रा डॉक्टरांनी ठरवली.

लोहाची गोळी ती घेत होती, पण रात्री दुधाबरोबर. दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाहीत. ती गोळी सकाळी अकराला पेरूबरोबर दिली. कॅल्शियमच्या ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर.

नवं ताट

लक्ष्य ठरवलं २००० कॅलरी आणि ७५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. गरजेपेक्षा तीनशे-चारशे कमी, म्हणजे आठवड्याला अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम वजन उतरावं. याहून वेगाने जाणंही शक्य असतं: २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात जास्त वजनाच्या पाजणाऱ्या आयांनी आहार आणि व्यायामाने आठवड्याला अर्धा किलो कमी केला आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. पण हिमोग्लोबिन १०.६ आणि झोप चार तास असताना आम्हाला घाई नको होती. १८०० च्या खाली जायचं नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं.

सकाळी साडेसहाला पेलाभर गाईचं किंवा टोण्ड दूध, कल्प आणि साखर नाही. साडेआठला नाश्ता, आणि या योजनेतली ही सगळ्यात महत्त्वाची वेळ: ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली दोन धिरडी आणि वाटीभर दही. अंडी चालत असतील तर एका दिवसाआड दोन अंडी आणि एक पोळी. अकराला पेरू. एकला ज्वारीची किंवा बाजरीची एक भाकरी, दीड वाटी घट्ट वरण किंवा आमटी, पालेभाजी, अर्धी वाटी भात, चमचाभर तूप, कोशिंबीर आणि ताक. साडेचारला डिंकाचा एक लाडू, ३० ग्रॅमचा, मूठभर फुटाणे आणि कमी साखरेचा चहा. पावणेआठला दोन पोळ्या, दीड वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ, फळभाजी.

रात्रीचं खाणं बंद केलं नाही. बंद करायला सांगितलं असतं तर पाळलं गेलं नसतं आणि चोरून झालं असतं. दोनच्या पाजण्यासाठी पलंगाशेजारी झाकणाच्या डब्यात २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि थर्मासमध्ये १५० मिली दूध. पान्हा फुटताना घसा कोरडा पडतो, म्हणून आधी पेलाभर पाणी प्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, भूक तरीही असेल तर डबा उघडायचा. स्वयंपाकघरात जायचं नाही. एवढा एक नियम बहुतेक बायकांना जमतो, कारण त्यात उपाशी राहायचं नसतं.

भात परत आला याचं तिला आश्चर्य वाटलं. कर्बोदकं तोडून पाजणं धोक्याचं आहे. अगदी कमी कर्बोदकांच्या आहारावर असताना पाजणाऱ्या बायकांचं रक्त आम्लधर्मी होऊन त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि श्वास जोरात चालणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी घरी सरबत देत बसू नये, रुग्णालय गाठावं. लांबलेले उपवास आणि वजन कमी करणारी इंजेक्शनं पाजण्याच्या काळात नकोत, तेही याच बैठकीत सांगितलं.

तुपाबद्दल आजीशी सविस्तर बोलावं लागलं. आईने किती तूप खाल्लं यावर दुधाची साय ठरत नाही. दुधातल्या स्निग्धाचा प्रकार आहाराने बदलतो, एकूण प्रमाण फारसं नाही. ते पाजण्याच्या शेवटाकडे वाढतं, म्हणून एक बाजू नीट संपू द्यावी. चमचाभर तूप भाकरीवर ठेवलं, वरून आणखी सोडायचं नाही. अळीव सोडला नाही, लोहासाठी तो चांगला. फक्त तो आठवड्यातून दोनदा, आणि त्या दिवशी लाडू नाही. आजीला नकार ऐकायचा नव्हता, काहीतरी करून घालायचं होतं. तिच्याकडे सकाळचं धिरडं दिलं. लेकीला गरम गरम वाढायची तिची इच्छा साडेआठला पुरी झाली आणि रात्री अकराचे लाडू आपोआप मागे पडले.

पोटपट्ट्याने चरबी उतरत नाही. आधार वाटत असेल तर थोडा वेळ बांधावा, घट्ट आवळू नये. पोटाच्या स्नायूंमध्ये दोन बोटांची फट होती, म्हणून पाठीवर झोपून उठून बसण्याचे व्यायाम (सिट-अप्स, क्रंचेस) नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा, आणि चालणं वीस मिनिटांपासून चाळीसपर्यंत वाढवत. चालायच्या आधी पाजून घेतलं तर छाती जड वाटत नाही.

कुठे अडलं

पहिल्या तीन रात्री दोन वाजता डबा पुरला नाही. हे होणारच होतं, महिनोन्‌महिने त्या वेळेला सवयीने पोट जागं होत होतं. त्या तीन रात्री एक पोळी आणि दही जास्तीचं चालेल म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. चौथ्या रात्रीपासून गरज लागली नाही.

पाचव्या दिवशी पोट फुगलं. उसळ एकदम दीड वाटी झाल्याने. मोड आलेली कडधान्यं नीट शिजवून, अर्ध्या वाटीने सुरुवात करून आठवडाभरात दीडवर नेली. बाळाला त्याने गॅस होतील अशी भीती घरात होती. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही.

नव्या ताटाच्या सहाव्या आठवड्यात वजन अडलं, सलग बारा दिवस ६५.८. नोंद पुन्हा मागितली तर नाश्ता साडेदहावर गेलेला. ती आता सासरी आली होती आणि सकाळी बाळाची अंघोळ तिच्यावर आली होती. अंघोळ संध्याकाळी नेली, नाश्ता परत साडेआठला आला, वजन उतरू लागलं. खाण्याचं प्रमाण कमी करून हे सुटलं नसतं. नाश्ता लांबला की दिवसाचं देणं पुन्हा रात्रीवर जातं, दर वेळी.

मधे हरतालिका आली. निर्जळी उपास पहिल्या वर्षी मोडायचा कसा, असा प्रश्न सासूबाईंनी विचारला. फक्त दुधावर असलेलं बाळ घरात असताना निर्जळी करू नये, हे आम्ही स्पष्ट सांगितलं. तिने दूध, फळं, राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी घेतली. पूजा झाली, पाजणं चुकलं नाही.

बारा आठवड्यांनंतर

बाळ २६ आठवड्यांचं झालं तेव्हा आई ६३.८ किलो, हिमोग्लोबिन ११.९. बारा आठवड्यांत ३.६ किलो, म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम. बाळ आपल्या रेषेवर. ५८ ला पोचायला अजून अवकाश आहे आणि तो लागू द्यावा.

२६ आठवड्यांच्या रजेतले दोन प्रसूतीआधी गेले होते, त्यामुळे चोविसाव्या आठवड्यात ती कामावर गेली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. ती त्या वेळात दूध काढते, अकराला आणि तीनला, आणि त्याच वेळी खाते. अकराला पेरू आणि लोहाची गोळी, तीनला फुटाणे आणि लाडू. बँकेतल्या वडापावची भूक संध्याकाळी सहाला लागते, ती या तीनच्या डब्याने थांबली.

आता बाळाचं वरचं अन्न सुरू झालंय, म्हणून पाजण्याची गरज ६०० वरून ५२० वर आली. पहिली कपात रात्रीच्या दुधाची, तीही बाळ दोनला उठायचं थांबल्यावर. नाश्ता आणि उसळ तशीच राहतील. महिन्याला दोन किलोंपेक्षा जास्त वजन उतरलं, किंवा बाळाचं वजन तक्त्यातल्या आपल्या रेषेवरून घसरलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं आहे.